बार्सिलोना, १२६३: मसीहा येऊन गेला की अजून यायचाय? एका वादाचं प्रकरण

ज्यू आणि ख्रिस्ती यांच्यात मसीहावरून, म्हणजे देव पाठवणार असलेल्या तारणहारावरून, जो वाद आहे (ख्रिस्ती म्हणतात येशू हाच तो, ज्यू म्हणतात तो अजून यायचाय) त्याबद्दल बऱ्याच जणांचा समज असा असतो की दोघांकडे जुनी पोथी एकच आहे, मग नीट बसून वचनं काढली, अर्थ लावला की निकाल लागायला काय हरकत आहे. मला हे कधीच पटलं नाही, आणि का पटत नाही ते सांगायला बार्सिलोनाच्या वादाइतकं चांगलं प्रकरण दुसरं नाही. कारण इथे सगळं जुळून आलं होतं. विद्वान दोन्ही बाजूला, बोलायची परवानगी, राजा स्वतः ऐकायला बसलेला, आणि तरीही निकाल लागला नाही. लागणार नव्हताच. वाद वचनांवर चाललाय असं सगळ्यांना दिसत होतं, पण खरा प्रश्न वेगळाच होता: कुठल्या पुस्तकाला किती वजन द्यायचं, आणि ते कोणी ठरवायचं.

आधी माणसं कोण ते बघू.

आरागॉनचा, म्हणजे आजच्या स्पेनमधल्या एका राज्याचा राजा जेम्स पहिला, ज्याला कातालान लोक जौमे म्हणतात. त्याच्या राज्यात ज्यू वस्ती मोठी, आणि कायद्याने ते थेट राजाचे, म्हणजे त्यांचा कर राजाच्या तिजोरीत जायचा, काही ज्यू तर त्याच्या कारभारात मोठ्या जागांवर होते. त्यामुळे राजाला त्यांचं धर्मांतर झालं तर हवंच होतं पण ते पळून गेले किंवा मारले गेले तर नको होतं. हे डोक्यात ठेवा, पुढे राजा जे काही करतो ते यातून कळतं.

दुसरा पाब्लो ख्रिस्तियानी. जन्माने ज्यू, नंतर ख्रिस्ती झाला, डॉमिनिकन या ख्रिस्ती संन्याशांच्या संघात भिक्षू म्हणून गेला. ताल्मुद, म्हणजे ज्यू गुरूंच्या चर्चांचा आणि नियमांचा मोठा ग्रंथ, शिकलेला माणूस. त्याच्या मागे रामोन दे पेन्याफोर्त, डॉमिनिकन संघाचा एकेकाळचा प्रमुख, पोप नवव्या ग्रेगरीसाठी चर्चच्या कायद्याचा मोठा संग्रह ज्याने १२३४ मध्ये तयार केला तोच, आणि राजाच्या फार जवळचा.

आणि तिसरा गिरोनाचा रब्बी मोझेस बेन नाहमान, ज्यू लोक त्याला रामबान म्हणतात. वय सत्तरीच्या जवळ. तोरावरचा, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांवरचा मोठा भाष्यकार, वैद्य, आणि कब्बाला म्हणजे ज्यू गूढविद्येचा जाणकार. या वादाला तो हौसेने आला नव्हता, राजाने बोलावलं म्हणून यावं लागलं.

आता पार्श्वभूमी. तेवीस वर्षं आधी, १२४० मध्ये, पॅरिसला असाच एक प्रकार झाला होता. तिथे निकोलस डोनिन, तोही जन्माने ज्यू आणि मग ख्रिस्ती झालेला, त्याने ताल्मुदवर सरळ आरोप केले की यात देवाची निंदा आहे, येशूची निंदा आहे, आणि हे पुस्तक नष्ट करा. तो वाद कसला, खटलाच होता. नंतर पॅरिसमध्ये ताल्मुदच्या हस्तलिखितांच्या गाड्याच्या गाड्या भरून जाळल्या गेल्या. छपाईच्या आधीचा काळ आहे हा, एकेक प्रत हाताने लिहायला किती महिने लागत असतील, विचार करा.

पाब्लोची पद्धत मात्र उलटी होती, आणि खरं सांगायचं तर जास्त हुशारीची. तो ताल्मुद जाळा म्हणाला नाही, तो म्हणाला की तुमच्या ताल्मुदमध्येच लिहिलंय की मसीहा येऊन गेलाय, तुमच्या जुन्या गुरूंना ते माहीत होतं, तुम्ही ते मान्य करत नाही एवढंच. म्हणजे समोरच्याला त्याच्याच पुस्तकात अडकवायचं. ख्रिस्ती बाजूच्या नोंदीप्रमाणे त्याला चार गोष्टी सिद्ध करायच्या होत्या. मसीहा आधीच आलाय, तो देव आणि माणूस दोन्ही आहे, त्याने माणसांच्या उद्धारासाठी दुःख सोसलं आणि मरण पत्करलं, आणि तो आल्यावर मोशेच्या नियमशास्त्रातले विधी संपले. ख्रिस्ती धर्म खरा की खोटा हा विषय चर्चेला ठेवलेलाच नव्हता. कठड्यात फक्त एक बाजू होती.

रामबानने सुरुवातीलाच मोकळेपणाने बोलायची परवानगी मागितली आणि ती मिळाली, फक्त निंदा करायची नाही या अटीवर. वाद २० जुलै १२६३ ला सुरू झाला, काही दिवसांत मिळून चार बैठका झाल्या, राजवाड्यात बहुतेक, आणि एक मठात.

नांगरणाऱ्या माणसाची गोष्ट

या वादात कितीतरी वचनं निघाली, पण मला एकाच ठिकाणी थांबून नीट बघायचंय कारण सगळं प्रकरण तिथे उघडं पडतं.

पाब्लोने एक जुनी कथा काढली. असल्या कथांना अग्गादा म्हणतात, आणि त्यांच्या संग्रहांना मिद्राश. कथा अशी. एक ज्यू शेत नांगरत असतो, त्याची गाय हंबरते. वाटेने जाणारा एक अरब ते ऐकतो आणि सांगतो, अरे, गाय सोड, नांगर सोड, तुमचं मंदिर आत्ताच उद्ध्वस्त झालं. तेवढ्यात गाय पुन्हा हंबरते, तेव्हा तो म्हणतो, बांध गाय, बांध नांगर, तुमचा मसीहा जन्मला. म्हणजे जेरुसलेमचं मंदिर पडलं त्याच दिवशी मसीहा जन्मला. पाब्लो म्हणाला, हे बघा, तुमच्याच लोकांनी लिहिलंय, मग येऊन गेला ना.

रामबानचं उत्तर: या कथेवर माझा विश्वास नाही, पण ती माझ्याच बाजूचा पुरावा आहे.

हे ऐकल्यावर पाब्लो ओरडला की बघा, हा स्वतःच्या पुस्तकांना नाकारतोय! पण रामबानने दुसरं अर्धं सोडलं नाही. मंदिर रोमन सैन्याने पाडलं ते इ. स. ७० मध्ये, येशू तर त्याच्या कितीतरी आधी जन्मला आणि मंदिर पडायच्या जवळपास चाळीस वर्षं आधी क्रूसावर गेला. मग मंदिर पडलं त्या दिवशी जन्मलेला मसीहा येशू कसा? तुमच्या कथेनेच तुमचा मुद्दा पडतो. तिथे राजाचा न्यायाधीश मध्ये पडला आणि म्हणाला की आत्ता वाद येशूबद्दल नाहीच आहे, मसीहा आला की नाही एवढाच प्रश्न आहे, आणि तुमचं पुस्तक तर सांगतंय की आला. यावर रामबान म्हणाला की जन्मला असं लिहिलंय, आला असं कुठे लिहिलंय? मोशे जन्मला त्या दिवशी तो लोकांना सोडवणारा नव्हता, इजिप्तच्या राजासमोर, फारोसमोर, जाऊन उभा राहिला तेव्हा झाला.

मग राजाने एकदम साधा प्रश्न विचारला, जो कुणीही विचारला असता. मंदिर पडून हजारावर वर्षं झाली, माणूस हजार वर्षं जगतो का? रामबान म्हणाला आदाम, मथुशलह हजाराच्या जवळ जगले की, आणि एलीया तर मेलाच नाही असं आपण दोघेही मानतो.

आता इथे जरा थांबून बघा काय झालं ते. पाब्लोसाठी पोथीतलं प्रत्येक वाक्य पुरावा आहे. ताल्मुद असो, मिद्राश असो, ज्यू गुरूंनी लिहिलंय म्हणजे ज्यूंना बांधील. रामबानसाठी तसं नाही, आणि पुढे त्याने ते उघडच मांडलं. तो म्हणाला आमच्याकडे तीन प्रकारची पुस्तकं आहेत. एक पवित्र शास्त्र, त्यावर आमचा पूर्ण विश्वास. दुसरं ताल्मुद, जे आज्ञांचं विवरण आहे, आज्ञांच्या बाबतीत आम्ही ते मानतो. आणि तिसरं मिद्राश, म्हणजे तुमच्या बिशपने उभं राहून प्रवचन दिलं, ऐकणाऱ्या एखाद्याला ते आवडलं आणि त्याने लिहून ठेवलं, तसं. ज्याला पटेल त्याने मानावं, न मानणाऱ्याचं काही बिघडत नाही.

ही वाक्यं पुढे शेकडो वर्षं गाजली, आणि अडचणीचीही ठरली. कारण रामबान स्वतः आपल्या तोराभाष्यात अग्गादा किती मनापासून वापरतो ते त्याचं भाष्य वाचणाऱ्याला दिसतंच, त्यात गूढ अर्थ आहे असं तो मानायचा. मग इथे खरं बोलला की अडचणीत सापडला म्हणून बोलला, यावर अभ्यासकांचं आजही एकमत नाही. माझं मत विचाराल तर तो खोटं बोलला नाही. एखाद्या कथेत खोल अर्थ शोधणं वेगळं आणि तीच कथा इतिहासाची नोंद म्हणून कोर्टात सादर करणं वेगळं, आणि श्रद्धेने वाचणारी माणसं हे दोन्ही रोज करत असतात, त्यांना त्यात विसंगती वाटत नाही. बाहेरून पुस्तक उघडणाऱ्याला मात्र सगळी पानं सारखीच दिसतात. पाब्लो तर बाहेरचाही नव्हता, आत वाढलेला होता, त्याला हा फरक माहीत नसेल हे मला पटत नाही. पण त्याच्या नव्या श्रद्धेत त्या फरकाला जागा नव्हती.

संदेष्ट्यांची वचनं

पवित्र शास्त्रातल्या वचनांवर तरी जुळलं असेल असं वाटतं, कारण ते दोघांनाही पूर्ण मान्य. तिथेही नाही.

उत्पत्तीच्या ४९व्या अध्यायात याकोब म्हणतो की यहूदाकडून राजदंड जाणार नाही, अमुक एक येईपर्यंत. पाब्लोचा मुद्दा की आज ज्यूंकडे राज्य नाही, म्हणजे तो येऊन गेला. रामबान म्हणाला राज्य थांबलंय, कायमचं तुटलेलं नाही, बाबेलच्या बंदिवासातही सत्तर वर्षं राज्य नव्हतंच ना. यशयाचा ५३वा अध्याय, दुःख सोसणारा सेवक. ख्रिस्ती वाचणाऱ्याला त्यात येशू इतका स्पष्ट दिसतो की दुसऱ्याला कसा दिसत नाही याचंच त्याला नवल वाटतं. रामबान म्हणाला साधा अर्थ घेतला तर तो सेवक म्हणजे इस्राएल लोक, आणि मसीहाला लावून वाचणारे जुने गुरू असतील, पण तो शत्रूंच्या हातून मारला जाईल असं त्यांनीही म्हटलेलं नाही. दानीएलच्या नवव्या अध्यायातले सत्तर आठवडे म्हणजे ४९० वर्षं, त्याचंही तसंच, गणित एकच आणि शेवट कुठे धरायचा ते वेगळं. गंमत म्हणजे दानीएलला ख्रिस्ती बायबल मोठ्या संदेष्ट्यांत बसवतं आणि ज्यू बायबलमध्ये तो संदेष्ट्यांच्या भागात नसून लेखांच्या भागात आहे, म्हणजे कपाट एकच असलं तरी पुस्तकांची रचनासुद्धा सारखी नाही.

आणि मग रामबानने जो युक्तिवाद केला तो मला या सगळ्या प्रकरणातला सर्वात धाडसी वाटतो. वचनांचा अर्थ बाजूला ठेवा, तो म्हणाला, जगाकडे बघा. यशया सांगतो की मसीहाच्या काळात लोक तलवारींचे फाळ करतील आणि युद्ध शिकणार नाहीत. येशूच्या काळापासून आजपर्यंत जग मारामारीने आणि लुटीने भरलंय, आणि ख्रिस्ती लोकांनी इतरांपेक्षा जास्तच रक्त सांडलंय. महाराज, युद्ध शिकायचं नाही असं ठरलं तर तुम्हाला आणि तुमच्या सरदारांना किती जड जाईल. हे तो वलेन्सिया आणि मायोर्का जिंकलेल्या राजाच्या तोंडावर म्हणाला. ख्रिस्ती बाजूकडे याला उत्तर होतं आणि आजही आहे, की येशू दोनदा येणार, पहिल्या येण्यात पापाची क्षमा आणि दुसऱ्या येण्यात जगाचं राज्य. पण रामबान जिथे उभा होता तिथून ते उत्तर म्हणजे भविष्यवाणीचे दोन तुकडे करणं होतं. ख्रिस्ती जिथे उभा आहे तिथून ते अगदी सरळ आहे. मी स्वतः दोन्ही बाजूंचं वाचताना दरवेळी हेच अनुभवतो, आतून बघितलं की प्रत्येक घर पूर्ण आहे.

याच बैठकांत रामबानने अजून एक गोष्ट बोलून दाखवली जी पाब्लोला अनपेक्षित असावी. तो म्हणाला की आमचा खरा मतभेद मसीहावर नाहीच. परक्या राजाच्या राज्यात, हाल सोसत, देवाची आज्ञा पाळणं याचं मोल जास्त, तेव्हा महाराज, मला मसीहापेक्षा तुम्हीच जास्त कामाचे. मतभेद आहे देवाबद्दल. आकाश आणि पृथ्वी घडवणारा एका बाईच्या पोटात नऊ महिने राहिला, बाळ होऊन जन्मला, मोठा झाला, मारला गेला, हे ज्यूच्या मनाला किंवा कुठल्याही माणसाच्या मनाला मान्य होण्यासारखं नाही, आणि तुम्हाला ते मान्य आहे कारण तुम्ही लहानपणापासून ऐकत आलात. आता हेही लक्षात घ्या की त्याच्या आधीच्याच शतकातल्या मोझेस बेन मायमोनने, ज्याला ज्यू जगात तोड नाही, मसीहावरचा विश्वास तेरा मूलतत्त्वांत घातलाय. म्हणजे मसीहा किती महत्त्वाचा यावर ज्यूंमध्येच एक मत नव्हतं, ख्रिस्ती तर लांबच राहिले. आणि रामबानने स्वतः दानीएलच्या आकड्यांवरून मसीहाचं वर्षही काढलं होतं, या वादातच त्याने सांगितलं की दानीएलमधल्या १२९० दिवसांची मंदिर पडल्यापासून तितकी वर्षं धरली तर त्यातली अजून ९५ वर्षं बाकी आहेत, म्हणजे १३५८. मसीहा मुख्य मुद्दा नाही म्हणणारा माणूस त्याच्या येण्याचं गणित मांडून बसला होता. मला यात ढोंग दिसत नाही. वाट तर तो बघतच होता, पण त्याचा धर्म त्या वाट बघण्यावर उभा नव्हता.

शेवट कसा झाला

वाद पूर्ण झालाच नाही. बार्सिलोनातल्या ज्यूंनीच रामबानला थांब म्हणून विनवलं, त्यांना नंतरची भीती होती, आणि काही ख्रिस्ती मंडळींनीही थांबवलेलं बरं असं सुचवलं. पुढच्या शब्बाथला, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी, राजा आणि डॉमिनिकन थेट सिनेगॉगमध्ये, ज्यूंच्या प्रार्थनास्थळात आले आणि तिथे प्रवचन झालं. पेन्याफोर्त त्रैक्यावर, म्हणजे पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून देव एकच या ख्रिस्ती शिकवणीवर बोलला. राजाने वाइनचा दाखला दिला, तिला रंग, चव आणि वास असे तीन गुण आहेत तरी वस्तू एकच. रामबान उठून म्हणाला की हे तीन वाइनला चिकटलेले गुण आहेत, वाइन नव्हे, एकाशिवाय दुसरा असू शकतो, आणि असे गुण मोजायचे तर तीनवर थांबायचं कारण काय. नंतर राजाने त्याला प्रवासासाठी ३०० नाणी देऊन निरोप दिला, आणि रामबान लिहितो की राजा म्हणाला, चुकीच्या बाजूचा माणूस इतकं चांगलं बोलताना मी पाहिला नाही.

पण हे रामबानचं म्हणणं आहे. कारण या वादाच्या नोंदी दोन आहेत, एक त्याने हिब्रूत लिहिलेली, एक लॅटिनमधली, राजाच्या शिक्क्याची. दोन्ही शेजारी ठेवून वाचल्या की हे प्रकरण खरं कळायला लागतं. लॅटिन नोंद म्हणते की मोझेसला, म्हणजे रामबानला, उत्तरं देता आली नाहीत, तो गोंधळला, मसीहा हजार वर्षांपूर्वी बेथलेहेमात जन्मला आणि नंतर रोममध्ये काहींना दिसला असं त्याने कबूल केलं, आता कुठे आहे विचारलं तर माहीत नाही म्हणाला. आणि कोंडीत सापडल्यावर म्हणाला की आमची ती पुस्तकं म्हणजे नुसती प्रवचनं, लोकांना उपदेश करायला गुरू त्यात बऱ्याचदा खोटं सांगायचे. शेवटी राजा शहरात नसताना निघून गेला.

बघा, घटना त्याच आहेत. जन्माची चर्चा दोन्हीकडे, प्रवचनाची गोष्ट दोन्हीकडे, शहर सोडून जाणंही दोन्हीकडे. एकीकडे ती पुस्तकांची उतरंड आहे, दुसरीकडे तीच पळवाट आहे. मला वाटतं की कुणीच सरसकट खोटं लिहिलेलं नाही, निदान या मुद्द्यांवर तरी. ज्याला सगळी पुस्तकं सारखीच बांधील वाटतात त्याच्या कानाला रामबानचं उत्तर माघार म्हणूनच ऐकू येणार. रामबानच्या नोंदीत पाब्लो जरा जास्तच भोळा दिसतो हेही मान्य करायला हवं, आपल्या बाजूचा म्हणून तिच्यावर डोळे झाकून विश्वास ठेवणारे ज्यू लेखकही कमी झाले नाहीत.

पुढचं मात्र बरोबरीचं नव्हतं. ऑगस्टमध्येच राजाचे हुकूम निघाले की ज्यूंनी डॉमिनिकनांची प्रवचनं ऐकायला हजर राहायचं, आणि आपल्या पुस्तकांतला निंदेचा मजकूर खोडून टाकायचा. काही हुकूम राजाने लगेच सौम्यही केले, तेच, दोन्हीकडे पाय. रामबानने गिरोनाच्या बिशपच्या सांगण्यावरून वादाचा वृत्तांत लिहिला तर १२६५ मध्ये डॉमिनिकनांनी त्यावरूनच निंदेची तक्रार केली. रामबान म्हणाला की यातलं सगळं मी राजासमोर, राजाच्या परवानगीने बोललोय. राजाने दोन वर्षं हद्दपारी आणि पुस्तिका जाळणं एवढी शिक्षा सुचवली, तक्रारदारांना ती कमी वाटली, आणि प्रकरण पोप चौथ्या क्लेमेंटपर्यंत गेलं, त्याने राजाला कडक शिक्षा करायला लिहिलं.

१२६७ मध्ये रामबान जेरुसलेमला पोचला. तिथून मुलाला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो की शहर ओसाड आहे, ज्यू म्हणाल तर रंगारी दोन भाऊ तेवढे आहेत, शब्बाथला त्यांच्या घरी दहा माणसं जमतात आणि प्रार्थना होते. काही वर्षांतच तो वारला, परत गेला नाही. पाब्लो फ्रान्समध्ये काम करत राहिला, तिथे १२६९ मध्ये त्याच्या सांगण्यावरून राजा नवव्या लुईने ज्यूंना कपड्यावर खूण लावायची सक्ती केली.

१३५८ येऊन गेलं. १४१३ मध्ये स्पेनमधल्याच तोर्तोसाला पुन्हा असाच वाद भरला, तोही जन्माने ज्यू आणि नंतर ख्रिस्ती झालेल्या माणसाने मांडलेला, जवळपास दोन वर्षं, ६९ बैठका, आणि पहिल्यापासून तोच प्रश्न: तुमच्या ताल्मुदप्रमाणे मसीहा आला की नाही. उत्तरातही तेच, की ते अग्गादा आहे, त्याला ते वजन नाही. फरक एवढाच की यावेळी स्पेनमधल्या ज्यूंच्या १३९१ च्या कत्तली होऊन गेल्या होत्या, कितीतरी ज्यूंनी आधीच जबरदस्तीने बाप्तिस्मा घेतलेला, आणि कितीतरी रब्बी आपापल्या गावाला मार्गदर्शन करायचं सोडून महिनोन्‌महिने तिथे अडकून पडले होते. मागे त्यांच्या गावांत लोक धर्म बदलत होते, आणि इकडे सभेत वचनांचा अर्थ चालला होता.